बंदरावरच्या दुकानासाठी ब्राउझर हवा: गिऱ्हाइकांची माहिती जपणारा, मोठ्या कंपन्यांच्या हातात नसलेला

बंदरावरची (हर्णै, ता. दापोली)

नमस्कार मंडळी. माझं हर्णै बंदराच्या वाटेवर झेरॉक्सचं आणि ऑनलाइन फॉर्म भरून देण्याचं दुकान आहे. दोन कॉम्प्युटर, एक प्रिंटर, एक लॅमिनेशनचं मशीन. पाजपंढरीपासून आंजर्ल्यापर्यंतची माणसं येतात. सातबारा, उत्पन्नाचा दाखला, नौकेच्या परवान्याचं नूतनीकरण, डिझेल परताव्याचे कागद, पोरांचे शिष्यवृत्तीचे अर्ज, गणपतीच्या गाडीचं तिकीट. एक कॉम्प्युटर मी चालवते, दुसऱ्यावर गिऱ्हाईक स्वतः बसतं.

प्रश्न का पडला ते सांगते. मध्ये एक लग्न झालेली मुलगी आली होती. मूल होत नाही म्हणून उपचार कुठे मिळतात, खर्च किती येतो, ते तिने बसून शोधलं, कागदावर टिपून घेतलं, पैसे दिले आणि गेली. थोड्या वेळाने तिच्याच वाडीतले एक काका त्याच कॉम्प्युटरवर बातम्या वाचायला बसले. पान उघडलं तर वरपासून खालपर्यंत त्याच उपचारांच्या जाहिराती. बाळाला घेतलेल्या बाईचा फोटो, "आजच सल्ला घ्या", असं सगळं. काकांनी चष्मा कपाळावर सरकवला आणि मला विचारलं, "काय गो, माझ्या आधी कोण बसलं होतं इथे?" मी म्हटलं, ध्यानात नाही, आणि विषय दुसरीकडे नेला. पण आमच्याकडे अशी गोष्ट एका वाडीतून दुसऱ्या वाडीत जायला संध्याकाळचा लिलाव पुरतो.

त्या पोरीने कुणालाच काही सांगितलेलं नव्हतं. पडद्याने सांगितलं. हे मला अजिबात सहन झालेलं नाही. लोक माझ्या टेबलावर आधारकार्ड आणि बँकेचं पासबुक ठेवून बिनधास्त चहा प्यायला जातात. तो विश्वास माझ्यावर आहे, कुठल्या जाहिरातवाल्यावर नाही.

दोन्ही मशीन जुनी आहेत, ४ जीबी रॅम, विंडोज १०. ब्राउझर सगळीकडे असतो तोच, गूगलचा क्रोम. भाचा म्हणतो ब्रेव्ह नावाचा ब्राउझर टाक. पुण्याचे एक पाहुणे म्हणाले, काही बदलू नका, इन्कॉग्निटोत, म्हणजे खाजगी खिडकीत, बसवा लोकांना. सरकारने बक्षीस दिलेला एक भारतीय ब्राउझर आहे असंही ऐकलं. मला हवंय ते असं: गूगल किंवा मायक्रोसॉफ्टच्या हातात नसलेला, माणूस उठला की त्याचं काही मागे न ठेवणारा, सरकारी साईट चालणारा आणि मराठी टायपिंगला त्रास न देणारा. आणि कृपा करून हेही सांगा की तो बनवणाऱ्यांना पैसे कुठून मिळतात. फुकट मिळणाऱ्या वस्तूचे पैसे कुणीतरी देतच असतं, ते कोण ते कळलं की मला ठरवता येईल.


कातळावरचा मास्तर (रत्नागिरी)

ताई, सविस्तर लिहितो. मी मुलांना कॉम्प्युटर शिकवतो, आमच्या लॅबमध्येही एकेका मशीनवर दिवसभर वेगवेगळी मुलं बसतात, त्यामुळे हा रोजचाच विषय आहे.

आधी त्या जाहिराती आल्या कशा ते बघू. हॉस्पिटलच्या पानावर हॉस्पिटलचा मजकूर असतो, पण त्याच पानात जाहिरात कंपनीचाही छोटासा कोड असतो, डोळ्यांना न दिसणारा. तो तुमच्या ब्राउझरमध्ये एक नंबर ठेवून जातो. त्याला कुकी म्हणतात. बातम्यांच्या पानावरही त्याच कंपनीचा कोड असतो. काकांनी पान उघडलं, कोडने नंबर वाचला, आणि मघाशी उपचार शोधणारा ब्राउझर हाच हे कंपनीला कळलं. त्या कंपनीला मुलीचं नाव ठाऊक नाही, काकांचंही नाही. तिला फक्त ब्राउझर ओळखता येतो. एका ब्राउझरवर अख्खं गाव बसतं ही शक्यताच तिच्या हिशेबात नाही. ही सगळी यंत्रणा एका माणसाच्या एका फोनसाठी रचलेली आहे, आणि तिचा सगळ्यात वाईट फटका तुमच्यासारख्या दुकानात येणाऱ्यांना बसतो, ज्यांच्याकडे स्वतःचं मशीन नाही.

हे थांबवता येतं. ॲपलच्या सफारी ब्राउझरने अशा बाहेरच्या कुकीज २०२० मध्ये पूर्ण बंद केल्या. फायरफॉक्सने माग काढणाऱ्यांच्या कुकीज २०१९ पासून अडवल्या आणि २०२२ पासून प्रत्येक साईटची कुकी त्या साईटपुरतीच कोंडून ठेवायला सुरुवात केली. गूगलनेही २०२० मध्ये क्रोममधून त्या काढू असं जाहीर केलं होतं. मग तारीख पुढे, पुन्हा पुढे, आणि २०२४ च्या जुलैमध्ये बेतच सोडून दिला. ज्या कंपनीचं पोट जाहिरातींवर भरतं तिच्याच हातात ब्राउझर असला की असं होणारच.

इन्कॉग्निटोबद्दल पाहुणे अगदीच चुकीचं सांगत नाहीत. ती खिडकी बंद केली की त्या मशीनवरचा माग पुसला जातो, आणि काकांच्या वेळी तेवढ्याने बरंचसं भागलं असतं. पण समोरच्या साईटला आणि तिच्यातल्या जाहिरातवाल्यांना दिसायचं ते दिसतंच. त्यावरून अमेरिकेत गूगलवर २०२० मध्ये खटला भरला गेला आणि २०२४ मध्ये तडजोड होताना कंपनीने अशा अब्जावधी नोंदी नष्ट करायचं कबूल केलं. शिवाय दुकानाचा इंटरनेट पत्ता सगळ्या गिऱ्हाइकांसाठी एकच असतो, त्यावरूनही जाहिरातवाले अंदाज बांधतात. म्हणून नुसतं मागाहून पुसून भागत नाही, तो कोड आतच येऊ द्यायचा नाही.

आता मोठ्या कंपन्यांचं. बंदरात बोटी निळ्या, हिरव्या, भगव्या दिसतात, नावं वेगळी, मालक वेगळे, पण फळी उचलून बघावं तर बहुतेकींत एकाच कंपनीचं इंजिन. ब्राउझरचं तसंच आहे, पान पडद्यावर मांडणारा आतला भाग म्हणजे त्याचं इंजिन. क्रोम, एज, ऑपेरा, ब्रेव्ह, विवाल्डी, आणि तुम्ही ऐकलेला तो भारतीय उला, सगळ्यांच्या आत गूगलने वाढवलेलं ब्लिंक इंजिन. मायक्रोसॉफ्टसारख्या कंपनीनेसुद्धा स्वतःचं इंजिन सोडून २०२० मध्ये एज त्यावर नेला. ॲपलचं वेबकिट वेगळं आहे, पण तीही मोठीच कंपनी. उरतं ते फायरफॉक्सचं गेको. रोजच्या कामाला पुरेल इतकं पूर्ण आणि या कंपन्यांच्या मालकीचं नसलेलं इंजिन आज तेवढंच आहे.

इंजिन कुणाचं याने तुमच्या दुकानात काय फरक पडतो? अगदी ताजा पडलाय. जाहिराती आणि माग काढणारा कोड अडवणारं यूब्लॉक ओरिजिन नावाचं एक्स्टेन्शन, म्हणजे ब्राउझरला जोडायचा छोटा प्रोग्रॅम, आहे, फुकट, रेमंड हिल नावाच्या माणसाने लिहिलेलं, देणगीसुद्धा न घेणारं. क्रोमने एक्स्टेन्शनचे नियम बदलले आणि २०२४-२५ मध्ये ते क्रोममध्ये चालेनासं झालं, आता त्याची लाइट आवृत्ती तेवढी मिळते. फायरफॉक्समध्ये ते पूर्वीसारखंच चालतं. म्हणून माझं मत स्पष्ट आहे: फायरफॉक्स घ्या आणि त्यात यूब्लॉक ओरिजिन टाका.

पैशाचं विचारलंत, तेही झाकून ठेवत नाही. फायरफॉक्समागे मोझिला फाउंडेशन ही ना-नफा संस्था आहे, २००३ मध्ये स्थापन झालेली, पण तिच्या कमाईतला बहुतांश पैसा गूगलकडूनच येतो. पत्त्याच्या पट्टीत शब्द टाकला की शोध गूगलवर जावा यासाठी गूगल ते पैसे मोजतं. याचं मला मनापासून वाईट वाटतं. २०२४ च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेतल्या न्यायालयाने शोधाच्या धंद्यात गूगलने बेकायदा मक्तेदारी राखली असा निकाल दिला, तेव्हा असे करार बंद झाले तर मोझिलाचं काय, हीच काळजी होती. २०२५ च्या सप्टेंबरच्या आदेशात पैसे द्यायला मुभा राहिली, फक्त "आमचंच ठेवा, दुसऱ्याचं नको" अशी अट घालता येणार नाही. तेव्हा फायरफॉक्स पैशाने स्वतंत्र आहे असं मी म्हणणार नाही. इंजिनाने आणि मालकीने स्वतंत्र आहे. आणि शोध कुठे जावा ते बदलणं तुमच्या हातात आहे, ते पहिल्याच दिवशी बदला. डकडकगो ठेवा. त्याचे निकाल मुख्यतः मायक्रोसॉफ्टच्या बिंगकडून येतात, पण तो कोणी काय शोधलं याची जंत्री माणसागणिक ठेवत नाही.

गिऱ्हाइकाच्या मशीनवर काय करायचं ते आता. फायरफॉक्सच्या सेटिंग्जमध्ये "प्रायव्हसी अँड सिक्युरिटी"त जा. माग अडवण्याची पातळी "स्ट्रिक्ट" करा. पासवर्ड साठवू का असं विचारणं बंद करा, पत्ता आणि कार्डाचे नंबर आपोआप भरणंही बंद करा. हिस्टरीच्या जागी "नेव्हर रिमेंबर हिस्टरी" निवडा. यानंतर तो ब्राउझर कायम खाजगी खिडकीसारखाच चालेल. मग यूब्लॉक टाका, आणि टाकताना खाजगी खिडक्यांत चालायची परवानगी त्याला आठवणीने द्या, नाहीतर ते नुसतं बसून राहील. मुख्य गोष्ट अशी की पुसलं जातं ते सगळ्या खिडक्या बंद झाल्यावर. एक जरी मागे लपून उघडी राहिली तर आधीच्या माणसाचा ईमेल, व्हॉट्सॲप वेब तसंच चालू राहतं. तेव्हा माणूस उठला की फायरफॉक्स पूर्ण बंद करून पुन्हा उघडायचा, खुर्ची पुसावी इतक्या सवयीने.

आणि ताई, डाउनलोड्सचं फोल्डर उघडून बघा. ब्राउझर कुठलाही असला तरी उतरवलेल्या फाइली तिथेच पडून असतात. आधारकार्डं, सातबारे, निकालपत्रकं, नावानिशी. आमच्या लॅबमध्ये मी आधी तेच साफ करतो. डेस्कटॉप आणि रिसायकल बिनसुद्धा. लोकांना आधार उतरवून देताना "मास्क्ड" आधार निवडायची सवय लावा, त्यात शेवटचे चारच आकडे दिसतात.


मालवणचो झिलगो (मालवण)

ताईनू, माका विचारशात तर ब्रेव्हच बरो. मी आणि माझे सगळे मित्र तोच वापरतो आणि माका काय एक त्रास नाय.

बाकीचं नीट मराठीत लिहितो, नाहीतर सगळ्यांना कळणार नाही. मास्तरांचं इंजिनाचं म्हणणं मान्य आहे, पण दुकानात बसणाऱ्याला सेटिंग शिकवायला वेळ कुणाला आहे? ब्रेव्ह टाकला की जाहिराती पहिल्या मिनिटापासून बंद, एक्स्टेन्शन लागत नाही. क्रोमसारखाच असल्यामुळे सरकारी साईट कुरकुर करत नाहीत. मी स्कूबावाल्यांची आणि होमस्टेची बुकिंग बघतो. पावसात आमच्याकडे नेटवर्क इतकं ढासळतं की साधं पान उघडेपर्यंत गिऱ्हाईक दुसरीकडे फोन लावतं. जाहिराती बंद केल्यावर पान खरंच लवकर येतं, कारण उतरवायचा मालच कमी होतो. हा फायदा खाजगीपणाइतकाच मोठा आहे.

आणखी एक. ऑपेरा आता चिनी मालकीचा आहे, तो कुणी सुचवला तर घेऊ नका. यूसी ब्राउझरवर २०२० च्या जूनमध्ये सरकारने बंदी घातली, तरी आमच्या वाडीतल्या म्हाताऱ्यांच्या फोनमध्ये तो होताच. फोनसोबतच आला होता, त्यांनी कधी निवडलाही नव्हता. मी घरोघर जाऊन काढून दिला.


कातळावरचा मास्तर (रत्नागिरी)

झिलग्या, घरोघर जाऊन काढून दिलास हे फार मोलाचं काम केलंस. फोनसोबत आलेलंच लोक वापरतात, तिथेच सगळी ग्यानबाची मेख आहे. आपल्या स्पर्धा आयोगाने २०२२ च्या ऑक्टोबरात गूगलला १,३३७.७६ कोटींचा दंड केला तो अँड्रॉइडच्या बाजारातली अशीच दादागिरी बघून.

ब्रेव्ह वाईट नाही. ज्या ब्रेंडन आइकने १९९५ मध्ये जावास्क्रिप्ट लिहिली, जो मोझिलाच्या संस्थापकांपैकी एक, त्यानेच पुढे २०१५ मध्ये ही कंपनी काढली. काम चोख आहे. पण २०२० मध्ये लोकांनी पकडलं की क्रिप्टो, म्हणजे आभासी चलन, विकणाऱ्या काही साईटचा पत्ता टाइप केला की ब्रेव्ह त्याला स्वतःच्या कमिशनचा कोड जोडत होता. बोंब झाल्यावर काढला. पत्त्याच्या पट्टीत मी लिहिलं त्याहून वेगळं काही जावं हे मला पटत नाही, आणि ते कमाईसाठी केलं हे त्याहून पटत नाही. नव्या टॅबवर त्यांच्या स्वतःच्या जाहिराती आणि क्रिप्टोचं पाकीटही दिसतं. बंद करता येतं, पण बंद करावं लागतं. दुकानात बसलेल्या आजीने त्यावर चुकून क्लिक केलं तर ताईंना निस्तरावं लागेल.

डकडकगोचाही स्वतःचा ब्राउझर आहे. साधा, हलका, आणि एका बटणावर सगळं जाळून टाकणारा. फोनवर तो मी खुशाल सुचवतो. २०२२ मध्ये असं बाहेर आलं की मायक्रोसॉफ्टशी केलेल्या करारामुळे तो बाहेरच्या साईटवरच्या मायक्रोसॉफ्टच्या काही ट्रॅकरना, म्हणजे माग काढणाऱ्या कोडना, सोडत होता. आरडाओरड झाल्यावर काही महिन्यांत त्यांनी ते बदललं. मी हे कुणाला बदनाम करायला लिहीत नाही. बाहेरची माणसं कोड तपासत राहतात म्हणून या गोष्टी उघड होतात आणि दुरुस्त होतात.


बंदरावरची (हर्णै, ता. दापोली)

मास्तर, तुम्ही सांगितलंत तसं गिऱ्हाइकाच्या मशीनवर करून बघितलं. डाउनलोड्सचं फोल्डर उघडलं आणि पोटात गोळा आला. ओळखीच्या कितीतरी माणसांची आधारकार्डं, एका बाईचा घटस्फोटाचा कागद, दहावीचे निकाल. सगळं कायमचं पुसलं. आता दुकान बंद करताना हे काम झाडू मारण्याबरोबरच करते.

जाहिराती खरंच गेल्या. बातम्यांचं पान एवढं मोकळं असतं हे मला ठाऊकच नव्हतं. मराठी टायपिंगला काही फरक पडला नाही, इनस्क्रिप्ट आहे तसंच चाललं. फायरफॉक्सचे मेनूसुद्धा मराठीत मिळतात हे बघून बरं वाटलं, ते गिऱ्हाइकाच्या मशीनवर लावून टाकले.

अडलं ते एवढंच. एका सरकारी साईटवर कागद चढवायचं बटण दाबलं तर काहीच हलेना. यूब्लॉक त्या साईटपुरतं बंद केलं तेव्हा चाललं. आणि दुसरी एक साईट, जिथे डिजिटल सहीचं टोकन (पेनड्राइव्हसारखं असतं ते) लावावं लागतं, ती फायरफॉक्समध्ये टोकन ओळखतच नाही. ठेकेदारांचे टेंडरचे कागद मी भरते, त्यामुळे ती सोडून चालणार नाही. त्यासाठी तो उला घेऊ का? सरकारने बक्षीस दिलंय म्हणजे सरकारी साईट नीट चालत असतील असं वाटतं. आणि आपल्या देशातला आहे तर मोठ्या कंपन्यांपासून वेगळा झालाच ना?


वाशिष्ठीकाठची (चिपळूण, सध्या पुणे)

ताई, मी कॉम्प्युटर इंजिनिअरिंगला आहे, उलाबद्दल मी सांगते.

केंद्राच्या इलेक्ट्रॉनिक्स आणि माहिती तंत्रज्ञान मंत्रालयाने २०२३ मध्ये भारतीय ब्राउझर बनवायची स्पर्धा जाहीर केली होती. २०२५ च्या मार्चमध्ये निकाल लागला, पहिलं १ कोटीचं बक्षीस झोहोला मिळालं. झोहो म्हणजे चेन्नईची कंपनी, उला तिचाच. त्या स्पर्धेमागचा एक मोठा मुद्दा तुमच्या अडचणीशी थेट जोडलेला आहे. एखादी साईट किंवा डिजिटल सही खरी आहे हे ब्राउझर ठरवतो ते त्याच्या आतल्या विश्वासू प्रमाणपत्रांच्या यादीवरून. ती यादी परदेशी कंपन्या ठरवतात, आणि भारताच्या स्वतःच्या प्रमाणन यंत्रणेचं मूळ प्रमाणपत्र त्यात नसतं. ते असलेला, डिजिटल सहीला सोयीचा ब्राउझर हवा अशी अपेक्षा होती. माझ्या मते ही मागणी अगदी योग्य होती.

पण दोन गोष्टी लक्षात ठेवा. बक्षीस सरकारने दिलं तरी ब्राउझर सरकारचा नाही, एका खासगी कंपनीचा आहे. झोहो जाहिरातींवर जगत नाही, ऑफिसांना सॉफ्टवेअर विकून जगते, हे मला आवडतं. आणि इंजिन ब्लिंकच. उद्या गूगलने इंजिनात काही बदललं तर उलालाही त्यामागून जावं लागणार किंवा स्वतः खर्च करून जुनं टिकवावं लागणार. देश वेगळा झाला, अवलंबून राहणं संपलं नाही. तरी टेंडरच्या कामापुरता, फक्त तुमच्या मशीनवर, उला ठेवून बघायला माझी काहीच हरकत नाही. टोकनसाठी त्या साईटने दिलेला छोटा प्रोग्रॅम वेगळा टाकावा लागतो, तो टाकलाय ना ते आधी बघा. बऱ्याचदा अडचण तिथे असते आणि शिव्या ब्राउझरला पडतात.

आणि मला एक काळजी वाटते ती वेगळीच. तुम्ही विंडोज १० म्हणालात. त्याची नेहमीची सुरक्षा दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबवली. वरच्या मजल्यावर कितीही चांगला ब्राउझर बसवला तरी खालून भोक राहणार. गिऱ्हाइकाच्या मशीनवर विंडोजच्या जागी लिनक्स मिंट टाकता येईल. फुकट आहे, ४ जीबीत चालतं, त्याची एक्सएफसीई आवृत्ती अजून हलकी. फायरफॉक्स त्यात आधीपासूनच असतो आणि इनस्क्रिप्टही लावता येतो. तुमच्या मशीनवर मात्र घाई नको. टोकन, बोटांचे ठसे घ्यायचं यंत्र, प्रिंटर यांचे ड्रायव्हर (ती यंत्रं चालवणारे प्रोग्रॅम) बऱ्याचदा विंडोजसाठीच मिळतात, ते आधी तपासावे लागतील. मिंट पेनड्राइव्हवरून नुसतं चालवून बघता येतं, मशीनवरचं काही न पुसता. १ जूनला मासेमारी बंदी लागली, होड्या शाकारून झाल्या, की दुकानात गर्दी कमी असेल तेव्हा बघा. मी सुट्टीत चिपळूणला असेन, दापोलीला येऊन करून देईन, खरंच.

जाता जाता, नवी इंजिनं अगदीच संपलेली नाहीत. आंद्रेआस क्लिंगने सुरू केलेला लेडीबर्ड नावाचा ब्राउझर पूर्ण नव्याने लिहिला जातोय, त्यासाठी २०२४ मध्ये ना-नफा संस्था काढली. गूगलचा कोड नाही, शोधाच्या कराराचे पैसे नाहीत, सगळं देणग्यांवर. २०२६ मध्ये पहिली कच्ची आवृत्ती आणायचं त्यांनी जाहीर केलंय. मोझिलाने सुरू केलेलं सर्वो हे इंजिनही आता लिनक्स फाउंडेशन युरोपच्या छत्राखाली वाढतंय. दुकानासाठी यातलं काही आज उपयोगाचं नाही. पण मी यांचा कोड वाचत बसते तेव्हा वाटतं, आपल्या कॉलेजांतल्या मुलांनी इथे हात लावला पाहिजे. देवनागरीतली जोडाक्षरं नीट दिसतात का एवढं तपासून कळवणं हेसुद्धा काम आहे, आणि ते आपणच करू शकतो.


मालवणचो झिलगो (मालवण)

लिब्रेवुल्फबद्दल कुणी बोललं नाही. फायरफॉक्सवरच बनवलेला आहे, मोझिलाकडे माहिती पाठवणारं सगळं काढून टाकलेलं आणि यूब्लॉक आधीच बसवलेलं. मग ताईंना एवढ्या सेटिंग कशाला?


वाशिष्ठीकाठची (चिपळूण, सध्या पुणे)

मी स्वतः तोच वापरते आणि मला तो फार आवडतो. पण थोडे स्वयंसेवक मिळून तो चालवतात. विंडोजवर त्याचं अपडेट आपोआप व्हायचं तर वेगळी सोय बसवावी लागते. दुकानातल्या मशीनवर अपडेट मागे राहणं मला धोक्याचं वाटतं. मुलवाड ब्राउझरही आहे, ओळख लपवून इंटरनेट वापरू देणाऱ्या टोर प्रकल्पाच्या लोकांनी स्वीडनच्या मुलवाड कंपनीसाठी २०२३ मध्ये बनवलेला. सगळे वापरणारे सारखेच दिसावेत अशी त्याची रचना आहे. बँकेच्या साईटना मात्र असा ब्राउझर संशयास्पद वाटू शकतो आणि त्या पुन्हा पुन्हा ओटीपी मागत बसतात. पत्रकाराला द्यावा असा आहे, दुकानाला फायरफॉक्सच बरा.


कातळावरचा मास्तर (रत्नागिरी)

सहमत. ताई, यूब्लॉक एखाद्या सरकारी साईटला आडवं आलं तर त्या साईटपुरतंच बंद ठेवा, तुम्ही केलंत तसंच. ते त्या साईटसाठी लक्षात ठेवतं, बाकी सगळीकडे चालू राहतं. तुमच्या स्वतःच्या मशीनवर "नेव्हर रिमेंबर" नको, तिथे तुमचं दुकानाचं लॉगिन रोज लागतं. तिथे मोझिलाचंच मल्टी-अकाउंट कंटेनर्स हे एक्स्टेन्शन टाका. दुकानाची बँक एका रंगाच्या टॅबमध्ये, गिऱ्हाइकाचं काम दुसऱ्या रंगाच्या टॅबमध्ये. दोघांच्या कुकीज एकमेकांना दिसत नाहीत. एका साईटवर दोन गिऱ्हाइकांची खाती एकाच वेळी उघडायची असली तरी चालतं. दाखले काढताना याचा फार उपयोग होईल.


बंदरावरची (हर्णै, ता. दापोली)

टोकनचा छोटा प्रोग्रॅम जुना होता, पोरीने सांगितलं ते बरोबर निघालं. नवा टाकला तर टोकन उलामध्ये ओळखलं, फायरफॉक्समध्ये अजूनही नाही. तेव्हा उला माझ्या मशीनवर टेंडरपुरता ठेवलाय, बाकी दोन्हीकडे फायरफॉक्स. रंगीत टॅब फारच सोयीचे आहेत. आधी एकाचं लॉगआउट करून दुसऱ्याचं लॉगिन करण्यात अर्धा दिवस जायचा.

भिंतीवर एक कागद चिकटवलाय: "तुम्ही उठल्यावर या कॉम्प्युटरवरचं तुमचं सगळं पुसलं जातं. आम्ही काहीही ठेवत नाही. प्रिंट हवी असेल तर उठायच्या आधी सांगा." बायका तो कागद उभं राहून वाचतात आणि मग बसतात. मघाशी एकजण म्हणाली, मग मी माझा रिपोर्ट इथे बघितला तर चालेल ना? म्हटलं, चालेल, बिनधास्त बघ.

चिपळूणच्या पोरी, जूनमध्ये ये नक्की, पेनड्राइव्ह मी आणून ठेवते. जेवायलाच ये.

शेवटचं एक विचारते. माझ्या जावेकडे आयफोन आहे. तिलाही फायरफॉक्स आणि यूब्लॉक टाकून देऊ का?


वाशिष्ठीकाठची (चिपळूण, सध्या पुणे)

येतेच, काकू!

आयफोनवर फायरफॉक्स टाकता येईल, पण आपल्याकडे आयफोनवरच्या प्रत्येक ब्राउझरला आतून ॲपलचंच वेबकिट वापरावं लागतं. गेको चालवायची मुभा सध्या युरोपीय संघातल्यासारख्या मोजक्या ठिकाणीच आहे. त्यामुळे आयफोनवरच्या फायरफॉक्समध्ये यूब्लॉक ओरिजिन टाकता येत नाही. त्यांच्यासाठी सफारीच ठेवा आणि त्यात यूब्लॉक ओरिजिन लाइट टाका, ते ॲपलच्या स्टोअरमध्ये फुकट मिळतं. तुमचा स्वतःचा फोन अँड्रॉइड असेल तर फायरफॉक्समध्ये पूर्ण यूब्लॉक चालतं. मेनूत एक्स्टेन्शन्स उघडा, पहिल्या काही नावांतच सापडेल.